नावं कुणी द्यायची

हिंगोली, १६ एप्रिल

करुणा,

जयभीम. परवा जयंती झाली. मिरवणूक आपल्या गल्लीतून निघाली तव्हा तुझी आई दारातच उभी राहिली, पुढं आली न्हाई. दरवर्षी तू पुढं अन् ती तुझ्यामागं, अशी चालायची. यंदा कुणामागं चालावं ते तिला सुचलं न्हाई. तुझ्यासाठी आणलेली पांढरी साडी पेटीवर घडी घालून तशीच ठेवली आहे.

फोनवर तू "बोला बाबा" म्हणतीस अन् तिथंच माझं बोलणं आटतं. मी "जेवलीस का" विचारतो, तू "व्हय" म्हणतीस, अन् फोन आईकडं जातो. म्हणून तिच्याकडून तुझ्या चाकणच्या खोलीचा पत्ता घेतला. शुद्ध लिहायला बसलो तर हात चालत न्हाई, तव्हा बोलतो तसंच लिहून राहिलो.

मोंढ्यात हळदीचा हंगाम जोरात आहे. लिलाव संपला की सगळे आडते एकदमच हाका मारतात अन् आमची एकवीस हमालांची टोळी पुरत न्हाई. मुकादम असलो तरी पोतं मलाही उचलावं लागतं. संध्याकाळी माझ्या आंघोळीचं पाणी पिवळं होऊन मोरीतून जातं. लहानपणी तू ते पाहून टाळ्या वाजवायचीस, "आमचे बाबा रोजच नवरदेव!" म्हणायचीस. आता पाणी नुसतं वाहून जातं.

एक गोष्ट लिहायची न्हाई असं ठरवलं होतं. पण ती सोडून बाकीचं लिहिलं तर काय उपयोग. समोरच्या पारुबाईचा आयुष नोव्हेंबरापासून घरीच बसून आहे. तुझ्या कंपनीत तो तीन वर्षं शिकाऊ म्हणून मशीन चालवत होता. अर्ज कर म्हणून तूच त्याला सांगितलं होतंस. एका सकाळी चाळीस पोरांना उभं करून "तुमचं शिकणं संपलं, उद्यापासून येऊ नका" म्हणून नावं वाचली. नावं वाचणारी तू होतीस. हे आमाला तुझ्याकडून न्हाई, पारुबाईकडून कळलं. ती दारात आली, आवाज सुद्धा चढवला न्हाई तिनं. "पद्माबाई, तुमच्या लेकीनं माझ्या लेकराचं नाव वाचलं," एवढंच म्हणाली अन् गेली. तव्हापासून ती आपल्या नळावर येत न्हाई. पार विहाराच्या मागून पाणी आणते.

अन् तव्हापासून तूही आली न्हाईस.

तू मोठ्या कंपनीत कामगारांच्या कचेरीत लागलीस तव्हा मी मोंढ्यात पेढे वाटले होते. हमालाची पोरगी आता कामगारांचं पाहणार, असं प्रत्येकाला सांगितलं होतं. आता लोक विचारतात, "करुणा काय म्हणते?" मी म्हणतो, "कामात आहे."

मी तुला जाब विचारत न्हाई. आंबे पिकले की चार दिवस येशील का, एवढंच विचारतो.

तुझे बाबा


हिंगोली, २१ मे

करुणा,

आंबे संपत आले. "सुट्टी मिळत न्हाई," असं तू आईला सांगितलंस. तिनं फोन ठेवला अन् म्हणाली, "सुट्टी मिळत न्हाई म्हणजे ती मागतच नसंल." मग उरलेल्या आंब्यांचा रस आटवून पोळ्या घातल्या. कुणासाठी म्हणून मी विचारलं न्हाई.

आयुष आता माझ्या टोळीत आहे. एक दिवस मोंढ्यात येऊन उभा राहिला.

"काका, मला कामाला घ्या."

"तुझ्या हाताला मशीनची सवय आहे, पोत्याची न्हाई."

"घरी बसायची पण न्हाई," तो म्हणाला.

घेतला. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीची साल निघाली. जळबानं त्याला जवळ घेऊन शिकवलं, पोतं मानेवर न्हाई, खांद्याच्या खाली कुठं टेकवायचं ते. नरसीचा जळबा तुला आठवत असंल. मी अन् तो एकाच हंगामात या मोंढ्यात आलो. आता त्याचा गुडघा बोलतो, पण तो न्हाई बोलत.

एका दुपारी वजनकाट्याच्या शेडमधे आमी भाकर खाऊन राहिलो होतो. आयुष आपणहून बोलायला लागला.

"काका, ताई नावं वाचत होती तव्हा तिच्यामागं मोठे साहेब उभे होते. माझं नाव आलं अन् ती थांबली. साहेब म्हणाले, 'आगे पढो.'"

"मग?"

"मग वाचलं तिनं. नंतर ती गेटच्या बाहेर आली होती. आमी गाडीची वाट पाहून राहिलो होतो. तिनं मला हाक मारली. मी वळलो न्हाई."

मी विचारलं, "तुझा राग आहे का तिच्यावर?"

"आहे. पण तिच्यावर किती अन् साहेबावर किती, ते मला वेगळं करता येत न्हाई."

तू गेटबाहेर आली होतीस हे मला ठाऊक नव्हतं. ते ऐकल्यापासून तुझी ती हाक माझ्या कानात आहे. मी तिथं नव्हतो, तरी आहे.

आता माझंही सांगतो. फेब्रुवारीत हमालांच्या मेळाव्यासाठी मी पुण्याला आलो होतो. तिथून विचारत विचारत चाकणला आलो. तुझ्या कंपनीच्या समोर चहाच्या टपरीवर बसलो. तू बाहेर आलीस. गळ्यात कार्डाची निळी पट्टी, हातात डबा. बाकीच्या पोरी दोघी-तिघी मिळून गेल्या. तू एकटी रिक्षाची वाट पाहत उभी राहिलीस अन् पट्टी काढून बॅगेत टाकलीस. खूप बारीक झाली आहेस. मी उठलो, पण हाक मारली न्हाई. मला वाटलं, मी दिसलो तर तुला वाटंल, बाबाही आयुषचं विचारायला आले. तू रिक्षात बसलीस अन् मी उलट्या गाडीनं निघालो. तुझ्या आईला हे सांगितलेलं न्हाई. तूही सांगू नको.

बाबा


हिंगोली, ५ जुलै

करुणा,

पेरण्या झाल्या. मोंढा थंड आहे. पण माझ्या डोक्याला थंडावा न्हाई.

तातेराव सेठनं कळमनुरी रस्त्याला मोठं गोदाम बांधलंय. त्यात पट्ट्याचं मशीन बसवलंय. पोतं पट्ट्यावर टाकायचं, ते आपोआप वर जातं अन् थप्पीवर पडतं. मोंढ्यातला निम्मा माल सेठच घेतो, तो आता सरळ तिकडंच उतरणार. परवा मला बोलावलं. खुर्ची दिली. खुर्ची दिली तव्हाच ओळखलं, काहीतरी मागणार.

"किशनराव, जमाना बदलला," सेठ म्हणाला. "आता नवे कायदे आले. मी रीतसर माणसं ठेवणार. हातात नियुक्तीपत्र, पीएफ, विमा, सगळं बराबर. पण दहाच."

"टोळी बावीस जणांची आहे, सेठ."

"मशीनला बावीस लागत न्हाईत. दहा नावं तुमी द्या, पहिलं तुमचंच धरा. तुमी न्हाई दिली तर ठेकेदार बाहेरून पोरं आणायला तयार बसलाय. मग तुमच्यातला एकही न्हाई."

टोळीला जमवून सगळं सांगितलं. मग संतराम म्हणाला, "तुमीच द्या, मुकादम. आमी एकमेकांची नावं कशी काढावी?" सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवताना जो तो माझ्याकडं असा पाहत होता की माझंच नाव घे.

घरी आलो. तुझी आई म्हणाली, "देऊ नका."

"मग दहा घरंही जातील."

"मग द्या. पण मला सांगू नका कुणाची दिली."

हमालांना नियुक्तीपत्र मिळावं म्हणून आमी किती वर्षं घसा फोडला. मोर्चात तुला खांद्यावर बसवून नेलं होतं, तू झेंड्याची काठी चावत बसली होतीस. आता ते पत्र देणारा समोर आला, तर तो म्हणतो, निम्म्यांना घरी बसवा, मग देतो. त्या नव्या कायद्यांत असं खरंच लिहिलंय, की हे सेठनं स्वतःच्या मनानं जोडलं? तुझ्या कचेरीत पुस्तकं असतील, पाहून सांग.

पण खरं विचारायचं ते दुसरंच आहे. त्या सकाळी तू घरातून कशी निघालीस? काही खाल्लं होतंस का? तोंडातून ते नाव निघतं कसं, पोरी?

बाबा


हिंगोली, ३ ऑगस्ट

करुणा,

तुझं उत्तर पोचून आठवडा झाला. चारच ओळी. "बाबा, कायद्यात तसं काही न्हाई. नावं देऊ नका. एकदा दिली की लोक सेठला विसरतील अन् तुमाला धरून बसतील. हे मी भोगून राहिले."

पोरी, पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच मी नावं देऊन आलो होतो.

सेठच्या खोलीत बसून एकेक नाव सांगितलं, त्याचा पोरगा कॉम्प्युटरवर टाकत गेला. जळबाचं नाव मी घेतलं न्हाई. त्याच्या जागी आयुषचं घेतलं. सेठला सांगितलं, पोरगा मशीनवर काम केलेला आहे. ते खोटं न्हाई. पण त्यासाठी मी ते नाव घेतलं न्हाई. आयुष कामाला लागला तर पारुबाई नळावर येईल, गल्लीतली माणसं आईशी बोलतील, अन् मग तुला घरी यायला वाट मोकळी होईल, असं माझ्या मनात होतं. तुला आणायला मी जळबाची जागा दिली.

अन् तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी पारुबाई हंडा घेऊन आपल्या नळावर आली. तुझ्या आईनं तिचा हंडा भरून दिला, दोघी रडल्या. मी आत बसून ऐकत होतो अन् मला बाहेर यायची हिंमत झाली न्हाई.

टोळीनं दोन दिवसांत ओळखलं. आयुषला येऊन तीन महिने झाले न्हाईत, जळबाची सगळी उमर गेली. कुणी भांडलं न्हाई. फक्त मी चहाला गेलो की बोलणं थांबतं. जळबा मोंढ्यात आला, मला म्हणाला, "बराबर केलंस. मशीनसमोर या गुडघ्याचं काय काम?" माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् नरसीची गाडी धरली. त्यानंतर तो आला न्हाई.

नरसी इथून कितीशी लांब? रोज सकाळी ठरवतो जायचं. बसस्टँडपर्यंत जातो, गाडी लागते, गाडी सुटते, मी परत येतो. आता कळलं तू काहून येत न्हाईस. इतके महिने मला वाटायचं, तू आमाला विसरलीस. विसरलेलं माणूस सहज येतं, पोरी.

तुझ्यामागं साहेब तरी उभे होते. माझ्यामागं कुणी नव्हतं.

काही करून ये. काही बोलायचं न्हाई, कुणाला भेटायचं न्हाई. नुसती घरात येऊन झोप.

बाबा


हिंगोली, २३ ऑगस्ट

करुणा,

तू गेल्याला आठवडा झाला. तुझी आई अजून तीन माणसांचा स्वयंपाक करते. उरलेली भाकर सकाळी तीच खाते, मला देत न्हाई.

स्वातंत्र्यदिनाला सकाळी तू बॅग घेऊन सरळ मोंढ्यात आलीस, तव्हा मी झेंड्याजवळ उभा होतो. आधी वाटलं, तुझ्यासारखी दुसरीच कुणी आहे. हात पुढं केला तर तू माझ्या शर्टाला नाक लावलंस अन् म्हणालीस, "हळद संपली तरी वास जात न्हाई." मग घरीसुद्धा जाऊ दिलं न्हाईस. "बाबा, मी चाळीस घरी जाऊ शकले न्हाई. तुमी एका घरी चला. मी संगं येते."

मी ते परत परत आठवून राहिलो, कारण त्या दिवशी मी काहीच नीट पाहिलं न्हाई. गाडीत तू माझा हात धरला होतास की मी तुझा? जळबाच्या ओसरीवर तू बसलीस अन् मी उभाच होतो.

"बस की, मुकादम," जळबा म्हणाला.

"मुकादम म्हणू नको. आयुषचं नाव मी तुझ्या जागी घातलं."

"ठाऊक आहे."

"मग बोलला काहून न्हाईस?"

तो मूग निवडत होता, सुपातून मान वर केली न्हाई. "तुझी पोरगी घरी येत न्हाई, हे पण ठाऊक होतं मला."

तू तव्हा उठून आत त्याच्या बायकोकडं, अनुसयाबाईकडं गेलीस. आमी दोघं म्हातारे बाहेर बसून राहिलो. तू आत रडून राहिलीस हे दोघांनाही ऐकू येत होतं अन् दोघंही मूग निवडत होतो.

चहा घेऊन आलीस तव्हा डोळे लाल होते, पण आवाज कचेरीतल्या बाईसारखा. "काका, सेठला दहा माणसं एका वेळेला लागतात. तीच दहा काहून पाहिजेत? टोळी एक ठेवा, पाळी लावा. महिना तिकडं, महिना मोंढ्यात. काम कमी पडंल, पण सगळ्यांनाच कमी पडंल." जळबा हसला. "अन् माझा गुडघा?" "काट्यावर बसा. वजन पाहायला गुडघा लागत न्हाई."

पारुबाईकडं तू एकटीच गेलीस. तिथं काय झालं ते तू सांगितलं न्हाईस. आयुषनं सांगितलं. "ताई खाली बसली. मग आईनं तिला ताट वाढलं." तू तिथं जेवलीस म्हणून घरी जेवली न्हाईस, अन् तुझी आई रुसली, अन् मग हसली. नऊ महिन्यांत ती पहिल्यांदा अशी हसली.

रविवारी ट्रॅव्हल्समधे बसताना तू काचेतून काहीतरी म्हणालीस. गाडी सुरू होती, मला ऐकू आलं न्हाई. मी नुसती मान हलवली. काय म्हणालीस ते लिहून कळव.

बाबा


हिंगोली, १५ नोव्हेंबर

करुणा,

तू फोनवर विचारतीस अन् मी "पाहू, पाहू" म्हणतो, म्हणून सगळं लिहितो.

तू गेल्यावर मी टोळीसमोर उभा राहिलो अन् म्हणालो, मी दिलेली नावं परत घेतो, दुसरा मुकादम निवडा. संतरामला निवडलं. वाईट वाटलं का, तर वाटलं. पण त्या दिवशी चहाला गेलो तव्हा कुणी बोलणं थांबवलं न्हाई. आयुष सगळ्यांत आधी उठला. "माझं नाव काढा, मला पाळीत घाला," म्हणाला. पारुबाईला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. ती नळावर येणं बंद करंल म्हणून मी धास्तावलो होतो. ती आली.

मग सगळेच सेठकडं गेलो. सेठ भडकला. "पाळीनं माणसं? असं कुठं असतं? माझं गोदाम आहे का शाळा?" संतरामनं शांतपणे सांगितलं, "घेतलं तर टोळी, न्हाई तर कुणीच न्हाई." आमाला हाकलून दिलं. सोयाबीन सुरू झालं तव्हा ठेकेदाराची पोरं आली. ती माणसंही आपल्यासारखीच, त्यांना काय बोलायचं? आमी गेटवर नुसतं बसून राहायचो. जळबा त्यांच्यासाठी पाण्याची घागर भरून ठेवायचा. त्या पोरांना ठेकेदारानं राहायला नीट जागा दिली न्हाई, चटणी-भाकरीची सोय केली न्हाई, अन् ती एकेक करून निघून गेली. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली. भिजलेलं सोयाबीन पोत्यात तापायला लागलं. तव्हा सेठचा पोरगा बाहेर आला.

सगळं मिळालं न्हाई, पोरी. पाळी मिळाली, ती या हंगामापुरती. नियुक्तीपत्र फक्त पाळीवर असलेल्या दहा जणांना, तेही महिन्याच्या मुदतीचं. जळबा काट्यावर बसतो. हळदीच्या वेळेला पुन्हा भांडावं लागंल. माझी पहिली पाळी झाली. मशीनचा पट्टा चालू झाला की पाठीला काम न्हाई, पण दिवसभर कुणाशी बोलताही येत न्हाई, आवाजच इतका. परत मोंढ्यात आलो तव्हा मला तिथला गलका गोड लागला.

आता तुझं. काल आईनं फोन ठेवल्यावर मला सांगितलं. डिसेंबरात तुमच्याकडं आणखी एका तुकडीचं शिकणं संपतंय. अन् तू साहेबाला सांगितलंस की मी कुणाला उभं करून नावं वाचणार न्हाई. प्रत्येकाला आत्ताच, बसवून सांगीन, म्हणजे त्याला दुसरीकडं पाहता येईल. अन् जितकी मशीनं चालू राहणार आहेत तितक्या पोरांना कायम करा, असं लिहूनही दिलंस. साहेब म्हणाला, "सोच लो, तुम्हारी भी कॉन्ट्रॅक्ट की नौकरी है." तुझी नोकरीही मुदतीचीच आहे, हे तू आमाला कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटायचं, माझी पोरगी तरी पक्की आहे.

आईनं हे सांगितलं अन् मला म्हणाली, "समजावा तिला, असं करू नको म्हणावं." मी फोन घेतला होता हातात. मग ठेवून दिला अन् हा कागद घेतला. मी तुला काय समजावणार?

घाबरू नको असं लिहिणार होतो, पण मीच घाबरलोय. तू एकटी त्या साहेबासमोर उभी राहिली असशील, तव्हा काय नेसली होतीस, हात कुठं ठेवले होतेस, असलंच काहीतरी सारखं मनात येऊन राहिलं. इथं मी उभा राहिलो तव्हा माझ्या बाजूला सगळी टोळी होती. तुझ्या बाजूला कोण आहे? कुणी नसंल तर आजच कुणाला तरी शोध. एकटीनं डबा खाऊ नको.

आईनं मागची खोली सारवून घेतली आहे. पारुबाई मदतीला आली होती. दोघी मला विचारून राहिल्या, करुणाला काय कळवलं. मी म्हणालो, अजून लिहून राहिलो.

एवढंच कळवतो. नोकरी गेली तर घरी ये. न्हाई गेली तरी ये.

तुझे बाबा